जमिनीखालचा वारा

बँकेंतील शिल्लक, आगगाडीचें आरक्षण, परदेशीं असलेल्या मुलाचें पत्र हें सारें आज ज्या संगणकांच्या पोटीं सांठविलेलें असतें, ते अहोरात्र तापत असतात. मुंबई व नवी मुंबई येथेंही अशीं संगणकगृहें, म्हणजेच डेटा सेंटरें, आहेत. त्यांस थंड ठेवणें दिसतें तितकें सोपें नाहीं, हें आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

पुष्कळ संगणकगृहांत खऱ्या जमिनीच्या वर फूट-दोन फुटांवर सुट्या फरशांची दुसरी जमीन असते. वातानुकूलन यंत्रें थंड हवा या पोकळींत सोडतात व ती कपाटांपुढील सच्छिद्र फरशांतून वर येते. यंत्राजवळची फरशी सर्वांत अधिक हवा देईल, असें कोणासही वाटेल. परंतु पुष्कळदां उलटच घडतें. यंत्राजवळ हवेचा वेग मोठा असतो, आणि वाहत्या प्रवाहांत वेग वाढला कीं दाब घटतो, हें डॅनियल बर्नूली यांनीं १७३८ सालीं ग्रंथांत मांडलेलें तत्त्व होय. त्यामुळें तेथील फरशींतून हवा नीट वर येत नाहीं. क्वचित् खोलींतलीच हवा खालीं ओढली जाते. दूरच्या टोकाशीं वेग मंदावून दाब वाढतो व हवा उसळून येते. वाढप्याजवळचा उपाशी आणि पंगतीच्या शेवटच्या पानावर ढीग, असा हा प्रकार!

अशा वेळीं आणखी एक यंत्र बसविण्याची बुद्धि होते. त्यानें विजेचा खर्च वाढतो. उपाशी कपाटास हवा मिळेलच असें नाहीं. त्यापेक्षां आधीं हिशेब करावा, आणि या हिशेबांत एका मराठी माणसाचा वांटा मोठा आहे. पुणें विद्यापीठाचे पदवीधर डॉ. सुहास पाटणकर यांनीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह १९७२ सालीं प्रवाहगणिताची एक रीत प्रसिद्ध केली. ती ‘सिंपल’ या नांवानें जगभर रूढ आहे. जागेचे हजारों लहान भाग कल्पावे, प्रत्येकांतील दाबाचा अंदाज धरून वेग काढावा, आणि आंत आलेली व बाहेर गेलेली हवा यांचा मेळ बसेपर्यंत दाब सुधारीत जावें. घरचा जमाखर्च लिहिणारास ही रीत परकी वाटूं नये. पुढें मिनेसोटा विद्यापीठांत प्राध्यापक झालेल्या पाटणकरांनीं सहकाऱ्यांसह संगणकगृहांतील जमिनीखालच्या वाऱ्याचाही असाच अभ्यास केला.

या गणितांतून निघणारे उपाय साधे आहेत. पोकळी उंच असावी, म्हणजे वेग घटून दाब सर्वत्र सारखा राहतो. फरशीचा शेंकडा २५ भागच मोकळा असल्यास वांटणी बरीच समान होते; फार मोकळी जाळी ती बिघडविते. तारांचे गुंते वाटेंतून काढावे आणि तारांसाठीं पाडलेलीं भोंकें बुजवावीं.

अलीकडे फार तापणाऱ्या संगणकांस द्रवानें थंड करूं लागले आहेत. तथापि जेथें हवेवरच भिस्त आहे, तेथें नवें यंत्र विकत घेण्यापूर्वीं असलेला वारा कोठें जातो, हें पाहणें शहाणपणाचें. विजेची खरी बचत त्यांतच आहे, असें आम्हांस वाटतें.