थंडीवर आळ

डिसेंबर-जानेवारीत पहाटे रुळाला तडा गेल्याची बातमी कुठून ना कुठून येतेच, आणि 'कडाक्याच्या थंडीमुळे' हे शब्द तिच्यात ठरलेले. आता ऑक्टोबर 2017मध्ये पूर्ण खुला झालेला बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्गच घ्या, तो हुमनाबादवरून जातो. पण हुमनाबादची थंडी ती केवढी? पहाटे पारा दहाच्या आसपास घुटमळतो, अकरा वाजता स्वेटर काढावा लागतो. एवढ्याशा गारठ्याने मोडायला पोलाद म्हणजे काय काच आहे?

थंडीचा हात आहे, पण वेगळा. सलग जोडलेले रूळ सुमारे 40 अंशांना ताणरहित अवस्थेत बसवले असतील, तर 10 अंशांना ते आखडू पाहतात. क्लिपा आणि स्लीपर त्यांना आखडू देत नाहीत. मीटरला 60 किलो वजनाच्या एकेका रुळात मग सुमारे 55 टनांची ओढ साठते. धडधाकट रूळ ती सहज पेलतो. आत चीर लपलेली असेल तर नाही. बाकी रुळाचे पोलाद भरपूर कार्बनमुळे मुळातच कमी चिवट. तीस अंशांवरून दहावर आल्याने त्याचा स्वभाव फारसा बदलत नाही.

स्वभाव बदलतो तो जहाजांच्या मऊ पोलादाचा. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेले 'स्केनेक्टडी' हे नवेकोरे तेलवाहू जहाज, ना वादळ ना टक्कर, मधोमध फाटले. आवाज मैलभर गेला. खापर वेल्डरांवर फुटले. त्याच युद्धकाळात वेल्डिंगने जोडलेल्या 'लिबर्टी' मालवाहू जहाजांच्या तड्यांचा शोध घेणाऱ्या केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले, की दोष पत्र्यातच आहे: ठरावीक तापमानाखाली हेच चिवट पोलाद न ताणता कडकन तुटते. वेल्डिंगने एवढेच केले, की तडा एका पत्र्यातून दुसऱ्यात बिनदिक्कत जाऊ लागला. फाटलेल्या जहाजाचा फोटो धातुशास्त्राच्या पुस्तकांत हमखास सापडतो. टिपरबाईंचे नाव मात्र शोधावे लागते. याचा मला दरवेळी राग येतो.

ते 'ठरावीक तापमान' बदलता येते, आणि किल्ली भट्टीत आहे. पत्रा सुमारे 900 अंशांपर्यंत तापवून हवेत निवू दिला, की त्याचे स्फटिककण बारीक होतात. कणाकणाच्या सीमेवर तड्याला दिशा बदलावी लागते, त्यात त्याचा जोर खर्ची पडतो, आणि पोलाद आणखी कितीतरी अंश खालीही चिवट राहते. पाण्यात विझवलेले पोलाद उलट कठीण पण ठिसूळ. म्हणून लोहार कुऱ्हाडीला पाणी पाजल्यावर ती पुन्हा शेकतो आणि रंगावर नजर ठेवतो. शेकण्यातही खोच आहे. निकेल-क्रोमियमचे काही पोलाद साधारण 575 ते 375 अंशांमधून रेंगाळत निवाले, तर फॉस्फरससारखी अशुद्धी कणांच्या सीमांवर गोळा होते आणि ते पुन्हा ठिसूळ बनते. जर्मन तोफा बनवणाऱ्या कंपनीवरून या दोषाला 'क्रुप रोग' म्हणत!

आता पुन्हा रुळाकडे. जागेवरचे जोड थर्मिटने होतात: ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचे ऑक्साइड पेटवायचे, वितळलेले पोलाद साच्यात ओतायचे. हान्स गोल्डश्मिट यांची ही युक्ती 1899मध्ये एसेनच्या ट्रामरुळांवर प्रथम वापरली गेली. ओतण्याआधी रुळांची टोके नीट तापवावी लागतात आणि नंतर जोड सावकाश निवू द्यावा लागतो. गाडी खोळंबली म्हणून घाई केली, वाऱ्याला आडोसा केला नाही, तर जोड अर्धवट चिकटतो किंवा शेजारचा रूळ झटकन थंड होऊन ठिसूळ बनतो. जानेवारीच्या पहाटे दिसलेला तडा असा मे महिन्यातल्या दुपारीच पेरलेला असू शकतो.

थंडीतल्या रात्रीच्या गस्तीत ट्रॅकमन म्हणूनच जोडांवर बॅटरी मारत जातात. तडा सापडला की तात्पुरत्या पट्ट्या आवळून गाडी सावकाश सोडतात. पुढे तेवढा तुकडा कापून नवा बसवायचा, तर त्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा थर्मिट ओतावे लागते.