दोन सेकंदांना लागलेली चाळीस वर्षे

सिद्धेश्वरसारख्या गावाच्या संदर्भात चढावरच्या गाडीचा विषय काढला की पहिली शंका ठरलेली: इथे घाट आहे कुठे? औंढ्याच्या बाजूला डोंगर आहेत, पण हिंगोली जिल्ह्यात कसारा नाही की खंबाटकी नाही. शंका रास्त आहे. मात्र गाडी मागे येते ती घाटातच, हा तिच्यामागचा समज खरा नाही. घाटात गाडी बहुतेक वेळ चालती असते आणि चालती गाडी मागे येत नाही. ती मागे येते थांबून पुन्हा निघताना, आणि थांबायची पाळी जास्त येते ती आखूड, उभ्या चढांवर. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे १९६०च्या दशकात उभी राहिली आणि कालव्यांनी हा मुलूख भिजू लागला. कालव्यामागून भराव आला, भरावावर रस्ता आला, कालव्यावर पूल आला. काळ्या मातीत रस्ता पावसाळाभर टिकवायचा तर तो शेताहून उंच घ्यावाच लागतो. त्यामुळे शिवारातली गाडीवाट मोठ्या रस्त्याला मिळते ती शेवटच्या काही फुटांत एकदम चढून. नेमके तिथेच, तोंड वर आणि डिकी खाली अशा अवस्थेत, समोरून उसाची ट्रॉली पार होईपर्यंत थांबावे लागते.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत पेडल तीन आणि पाय दोन. डावा क्लचवर अडकलेला, उजवा ब्रेकवरून उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडीला धरणारे कोणी नसते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि छोटी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तिचे इंजिन ७९६ सीसीचे. आत पाच माणसे आणि मागे धान्याचे पोते असले की अशा इंजिनाला चढावर जोर धरायला आणखी वेळ लागतो, म्हणजे तो निराधार क्षण लांबतो. यावरचा शास्त्रशुद्ध उपाय हँडब्रेक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला पंधरावा नियम लायसन्सच्या उमेदवाराकडून हीच करामत मागतो: तीव्र चढावर थांबायचे आणि हँडब्रेक, किंवा अ‍ॅक्सिलरेटर व पायब्रेक नीट वापरून, गाडी मागे न येऊ देता पुन्हा निघायचे. (परीक्षेचे मैदान सपाट असेल, तर हे कलम कागदावरच सुटते.) रस्त्यावर मात्र रूढ झाला हाफ क्लच. क्लच अर्धा सोडून, इंजिनाच्या जोरावर गाडी तोलून धरायची. याला कौशल्य म्हणायची पद्धत आहे. क्लचप्लेटच्या बाजूने पाहिले तर ती रोजची झीज आहे, आणि जळका वास आला की बिल गाडीमालकाच्या नावावर.

यावरची युक्ती नवी नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेत स्टुडबेकर कंपनीने १९३६ साली आपल्या गाड्यांत ‘हिल होल्डर’ दिला होता. चढावर क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेकच्या नळीतला दाब एक व्हॉल्व्ह अडवून धरी. क्लच सुटला की ब्रेक सुटे. त्यात इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नव्हते. ही सोय क्लचवाल्या गाडीसाठीच जन्माला आली होती. आजच्या हिल स्टार्ट असिस्टचे तत्त्व तेच. चढ ओळखायला सेन्सर असतो, आणि दाब अडवायला ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून बसवलेल्या यंत्रणेचा, व्हॉल्व्ह वापरला जातो. ब्रेकवरून पाय उचलल्यावर साधारण दोन सेकंद गाडी जागेवर राहते. ईएसपी १९९५ साली मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आले, आणि एकदा ते गाडीत असले की चढावर धरून ठेवण्यासाठी वेगळे यंत्र जवळपास लागतच नाही.

म्हणजे आपल्या छोट्या गाड्यांना उशीर झाला तो तंत्रामुळे नव्हे, व्हेरियंटच्या शिडीमुळे. चाकणला तेव्हा बनणाऱ्या पोलोच्या जीटी टीएसआय या प्रकारात २०१३ सालीच ही सोय होती, पण ती गाडी ऑटोमॅटिक आणि वरच्या किमतीची. नोव्हेंबर २०२१ मध्ये मारुतीची नवी सेलेरिओ आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुधारित वॅगन-आर आली. दोन्हींत हीच सोय मिळाली ती फक्त एएमटीला, म्हणजे क्लच आपोआप चालणाऱ्या प्रकाराला. कंपनीच्या बाजूने सांगण्यासारखे इतकेच, की एएमटीत क्लच चालवणाऱ्याच्या हाती नसतो, तेव्हा चढावर गाडी मागे आली तर त्याच्याकडे दुसरा उपाय कमी. हे मान्य. पण तीन पेडलांची कसरत करणाऱ्याला ‘तुला येतेच की’ म्हणून वगळणे हे अभियांत्रिकीचे नव्हे, किमतीचे गणित आहे. १९३६ साली क्लचसाठी निघालेली वस्तू आपल्याकडे क्लचचे पेडल नसलेल्यांना आधी मिळाली! कोंडी फुटली ती चढाच्या कळवळ्याने नाही. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या ग्लोबल एनसीएपीने २०२२ पासून निकष कडक केले, ऑक्टोबर २०२३ पासून तसेच तारे देणारे भारत एनसीएपी सुरू झाले, आणि चांगले तारे हवे असतील तर ईएसपी देणे भाग पडू लागले. २०२३च्या आरंभी रेनोने क्विडमध्ये ते हिल स्टार्ट असिस्टसह सरसकट दिले. मे २०२४च्या नव्या स्विफ्टमध्येही खालच्या मॅन्युअल व्हेरियंटपासून ते आले. ताऱ्यांच्या पाठीवर बसून दोन सेकंद गावात पोचले.

आक्षेप आहेत. पहिला, याने चालवणारा आळशी होतो. डबल क्लच मारल्याशिवाय गिअर न पडणाऱ्या गाड्या एके काळी होत्या. गिअर सहज पडू देणारे सिंक्रोमेश आल्यावर ते कसब गेले, त्याचा शोक कोणी करत नाही. शिवाय दोन सेकंद ही मुदतच सांगते की काम अजून माणसाचे आहे. यंत्र फक्त पाय बदलण्यापुरती उसंत देते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मंद चढावर यंत्रणा लागूच होत नाही, आणि सवय झालेला माणूस भावाची जुनी अल्टो घेऊन निघाला तर ती सरळ मागे येते. हा धोका खरा आहे, पण तो मिश्र काळाचा आहे, आणि त्यावर उतारा म्हणून सोयच नाकारणे म्हणजे जुन्या गाडीच्या उणिवेची शिक्षा नव्या गाडीला. काळ्या मातीच्या चिखलात चाकच घसरत असेल तर मात्र हिल स्टार्ट असिस्टचा उपयोग नाही, आणि तो हँडब्रेकही नव्हे. उतारावर गाडी उभी करून उतरायचे तर हँडब्रेक ओढावाच लागतो.

सिद्धेश्वरच्या वाटांवर या गोष्टीचा खरा निकाल लागायला आणखी वेळ आहे, कारण खेड्यात छोटी गाडी बऱ्याचदा दुसऱ्या हाताने येते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या एमएच-२२ आणि नंतरच्या एमएच-३८ पाट्यांच्या जुन्या गाड्या अजून हाफ क्लचवरच भराव चढतात. २०२३-२४च्या मॅन्युअल गाड्या जुन्या बाजारात उतरतील तेव्हा घेणारा किलोमीटर पाहील, टायर पाहील, क्लच दाबून पाहील. चढावर नेऊन ब्रेकवरचा पाय उचलून पाहायचे, हे त्या तपासणीत अजून आलेले नाही.