बिनघोर नोकरी

लेखाशाखेत असताना स्टेशनरीचं कपाट माझ्या ताब्यात होतं. मागणीपत्राशिवाय रिफिलसुद्धा द्यायची नाही, दिली की साठा नोंदवहीत खर्ची टाकायची. म्हणून होरेस वॉलपोलच्या नोकरीची हकिकत वाचताना मला हेवाच वाटला. 1738 साली, ऐन विशीत, तो लंडनच्या सरकारी खजिन्यात 'अशर' झाला. काम काय, तर कचेरीला कागद, टाक, शाई, लाख, चाकू, कात्र्या पुरवायच्या. वडील रॉबर्ट वॉलपोल पंतप्रधान, तेव्हा चिरंजीवांची सोय लागली. जिनसा मोजून द्यायला हाताखालची माणसं होती. साहेब ट्विकनहॅमला आपला गॉथिक थाटाचा वाडा सजवत आणि पत्रं लिहीत बसले. त्यांतल्याच 1754 च्या एका पत्रात त्याने 'सेरेन्डिपिटी' हा शब्द घडवला. सवड होती!

अशा पदाला इंग्रजीत 'सिनिक्युअर' म्हणतात. लॅटिन 'सिने' म्हणजे बिन आणि 'कुरा' म्हणजे काळजी, घोर. थेट आपला 'बिनघोर'. पण हा घोर मुळात पद भोगणाऱ्याच्या जिवाचा नव्हे. चर्चच्या भाषेत 'कुरा' म्हणजे गावकऱ्यांच्या आत्म्यांची काळजी: बाप्तिस्मा, लग्न, प्रवचन, मर्तिक. काही धर्मपदांना उत्पन्न होतं, ही जबाबदारी मात्र नव्हती. रेक्टरने दशांश घ्यायचा, गाव सांभाळायचं व्हिकारने. 'विकारियस' म्हणजे बदली माणूस, त्यावरून व्हिकार. माझं लक्ष जातं ते या बदली माणसाकडे. नोंदवही शेवटी त्यालाच लिहावी लागते.

सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला आणि चर्चमधून सरकारी कचेऱ्यांत शिरला. त्याच 'कुरा'पासून क्युरेटर आला आणि सिक्युरिटीही आली. 'से कुरा' म्हणजे काळजीवेगळा. रात्रपाळीच्या वॉचमनला सांगून पाहा.

ब्रिटनमध्ये अशी दोन पदं अजून मुद्दाम जपून ठेवली आहेत. तिथल्या कनिष्ठ सभागृहाच्या खासदाराला थेट राजीनामा देता येत नाही. मात्र राजसत्तेचं लाभाचं पद घेतलं की खासदारकी आपोआप जाते. म्हणून ज्याला बाहेर पडायचं त्याला चिल्टर्न हंड्रेड्स किंवा नॉर्थस्टेड या जहागिरीचा कारभारी नेमतात. काम नाही, पगारही नाही. 2023 मध्ये बोरिस जॉन्सन चिल्टर्नच्या वाटेने गेले. 2011 मध्ये गंमत झाली. ब्रिटिश राजसत्ता न मानणारे शिन फेनचे जेरी अ‍ॅडम्स यांनी खासदारकी सोडत असल्याचं पत्र नुसतं धाडलं. सरकारने तोच अर्ज समजून त्यांना राणीच्या नॉर्थस्टेडचे कारभारी करून टाकलं.