शिवलेला खांदा आणि ढोल

गणपती जवळ आले की पुण्यात नारायण पेठेलगत नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव घुमू लागतो. खांद्याची फाटलेली कंडरा शिवून घेतलेल्या वादकाचा प्रश्न ठरलेला : यंदा वाजवता येईल ना?

टाके पक्के असले तरी कंडरा हाडाला हळूहळूच धरते. साधारण ४ ते ६ आठवडे हात झोळीत, जड काम कित्येक महिने बंद. मोठी फाट, उतारवय, स्नायूत साठलेली चरबी, मधुमेह, धूम्रपान यांनी भरून येणं रेंगाळतं. गोम अशी की कंडरा भरून येण्याआधीच दुखणं थांबतं, आणि माणसाला उगाच हुरूप येतो.

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडूलाही महिने लागतात : मार्च २००६मध्ये सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याची क्वालालंपूरची नाबाद १४१ धावांची खेळी त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली.

तेव्हा कमरेला ढोल बांधण्याआधी सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट, दोघांनाही विचारा.