न बजावलेली नोटीस व खातेदाराचा हक्क

सात-बाराच्या उताऱ्यांतील ‘इतर हक्क’ हा रकाना आमचे बहुतेक वाचक कर्ज काढण्याची किंवा वांटणीची वेळ येईपर्यंत वाचीत नाहींत. मुलुंड, विक्रोळी वगैरे उपनगरांतील खातेदारांस २००६ च्या सुमारास जो अनुभव आला, तो ऐकल्यावर तरी ते तो वाचूं लागतील. त्यांच्या जमिनींच्या दप्तरीं ‘खाजगी वन’ असे शब्द चढले. म्हणजे जमीन सरकारची झाली. त्यांतील कित्येक जमिनींवर तोंपर्यंत रीतसर परवानगीनें इमारती उठल्या होत्या.

या नोंदीचें मूळ शोधूं जातां १९२७ च्या भारतीय वन कायद्यापाशीं यावें लागतें. त्याच्या ३५ व्या कलमान्वयें खाजगी जंगल तोडण्यास वा नांगरण्यास सरकार मनाई करूं शकतें. मात्र आधीं मालकास नोटीस देऊन त्याचें म्हणणें व पुरावा ऐकला पाहिजे. १९५६-५७ च्या सुमारास अशा पुष्कळ नोटिसा निघाल्या आणि तशाच पडून राहिल्या. पुढें खाजगी वनें संपादन करण्याचा महाराष्ट्राचा कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलांत आला. ज्या जमिनीविषयीं अशी नोटीस ‘काढली’ असेल तीही वन समजावी व वन सरकारजमा व्हावें, असें त्यांत आहे. सारा तंटा या एका शब्दाचा!

विक्रोळीची जमीन ईस्ट इंडिया कंपनीनें १८३५ सालीं फ्रामजी कावसजी बनाजी यांस दिली होती. ती १९४८ सालीं गोदरेज कंपनीकडे आली. तिजविषयींची नोटीस १९५६ सालीं राजपत्रांत छापली गेली. ती मालकाच्या हातीं पडल्याचा पुरावा मात्र सरकारास देतां आला नाहीं. ज्यांनीं आमच्याप्रमाणें महसुली दप्तरांत उमर घालविली, त्यांस नोटीस लिहिणें आणि ती बजावणें यांतील अंतर सांगावयास नको.

चिंतामणी वेलकर यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं, नोटीस निघाली एवढें पुरे, असें ठरविलें होतें. संविधानाच्या १४१ व्या अनुच्छेदाप्रमाणें त्या न्यायालयानें सांगितलेला कायदा देशांतील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. मुंबई उच्च न्यायालयानें २४ मार्च २००८ रोजीं खातेदारांच्या विरुद्ध निकाल दिला. तेव्हां प्रकरण दिल्लीस गेलें.

३० जानेवारी २०१४ रोजीं न्यायमूर्ति लोढा, लोकूर व कुरियन जोसेफ यांच्या पीठानें मागील मत चुकीचें ठरविलें. नोटीस काढणें यांत ती बजावणें आलेंच; ज्यास ती मिळालीच नाहीं, तो म्हणणें कसें मांडणार? शिवाय नोटीस जिवंत असली पाहिजे. पन्नास वर्षें निजलेला कागद उठवून लोकांचीं घरें काढून घेतां येत नाहींत. संविधानाच्या ३००-अ या अनुच्छेदानें कायद्याच्या आधारावांचून कोणाची मालमत्ता घेण्यास मनाई आहे, ती याच ठिकाणीं उपयोगी पडते.

वनरक्षणास आमचा विरोध नाहीं; डोंगर उघडा पडला तर विहिरी आटतात, हें शेतकऱ्याइतकें कोणास ठाऊक? आणि हा निकाल म्हणजे सरसकट मोकळीक नव्हे. १९७५ च्या कायद्यांत वनाच्या इतर व्याख्याही आहेत. जेथें नोटीस खरोखर बजावली गेली व चौकशी चालू होती, तेथें तो लागू पडेल असें समजूं नये.

आपल्या उताऱ्यावर अशी नोंद आढळल्यास प्रथम फेरफाराची प्रमाणित नक्कल काढावी. महसूल अधिनियमाच्या १५० व्या कलमाप्रमाणें फेरफार मंजूर होण्यापूर्वीं हितसंबंधितांस सूचना मिळाली पाहिजे. ती कोणास व केव्हां दिली तें पाहावें. त्याच अधिनियमाच्या १५७ व्या कलमानें नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, म्हणून स्वस्थ बसणें घातक. नंतर मूळ नोटिशीची, राजपत्राची व विशेषतः बजावणीच्या पोंचेची नक्कल वनखात्याकडे लेखी मागावी, आणि अर्जाची पोंच आपल्यापाशीं ठेवावी.