योगवाही पिंपळी आणि प्रतिजैविके

"डॉक्टरसाहेब, सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांसंगं तुमचं चूर्ण चालतंय का?" पिंगळी येथे चिकित्सा करताना क्षयरुग्णांचा हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. पूर्वी आम्ही निःशंकपणे होकार देत असू. आता देत नाही.

पिंपळीचे योगवाहित्व वैद्यवर्गास नवे नाही. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक डॉ. सी. के. अटल यांनी, इतक्या कल्पांत त्रिकटू का येते, याचा शोध घेत १९७९ मध्ये जैवउपलब्धिवर्धक द्रव्याची कल्पना मांडली. त्याच वाटेने २००९ मध्ये कॅडिला फार्मास्युटिकल्सचे 'रिसोरिन' आले. त्यात रिफाम्पिसिन २००, आयसोनियाझिड ३०० आणि पिंपळी-मिरीतील पिपरीन अवघे १० मिलिग्रॅम. एरवी प्रौढास रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅम वा अधिक द्यावे लागते.

पिपरीन आतडे व यकृत यांतील औषधविघटक विकरांस रोखते, त्यामुळे औषध रक्तात अधिक पोहोचते. त्याचे दुसरे कार्य थेट जंतूवर आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या पेशीतील 'नॉर-ए' नामक पंपाने औषध बाहेर फेकतो. पिपरीन हा पंप अडविते व सिप्रोफ्लॉक्सासिन कमी मात्रेतही परिणामकारक ठरते, असे जम्मूच्याच संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले, अर्थात परीक्षानळीत. दारुहरिद्रेच्या अमेरिकेतील भगिनी वनस्पतींत तर बर्बेरिन आणि त्यास बाहेर फेकू न देणारे द्रव्य एकत्रच आढळल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. वनस्पतीने स्वतःच योग बांधावा, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

परंतु योगवाही द्रव्य हितकर औषध निवडून वाढवीत नाही. फेनिटॉइन, थिओफिलिन, प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाणही पिपरीनने वाढल्याचे मानवी चाचण्यांत दिसले आहे. अपस्माराच्या रुग्णास ही वाढ घातक ठरू शकते. चरकाचार्यांनी विमानस्थानात पिंपळीस योगवाही म्हटले आणि तिथेच तिचा अतिवापर निषिद्ध ठरविला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

शिवाय रिसोरिनमधील पिपरीन मोजलेले आहे. आपल्या चूर्णातील किती, हे वेष्टनावर क्वचितच असते. रसशाळाचालकांनी प्रत्येक खेपेची पिपरीन-तपासणी करून आकडा छापावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे. चूर्णाच्या भरवशावर प्रतिजैविकाची मात्रा मात्र कोणीही घटवू नये.

आम्ही आता रुग्णास चालू गोळ्यांचे पाकीट आणावयास सांगतो. क्षयाच्या गोळ्या असतील, तर त्या लिहिल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात, आणि क्षयोपचार करणाऱ्या डॉक्टरांस कळविल्याखेरीज त्रिकटू सुरू करू नये.