अपील केले, पण स्थगिती मागितली का?



काही वर्षांपूर्वी, भाद्रपदात, एका पाड्यावर न्यायालयाचा बेलीफ जमिनीचा ताबा घ्यायला आला. शेतात भात आणि नागली उभी होती. घरचे म्हातारे बाबा हात जोडून एकच सांगत होते, "साहेब, आमची केस वर गेली आहे." ते खरेच होते. तालुक्याच्या न्यायालयात निकाल विरुद्ध गेल्यावर जिल्हा न्यायालयात मुदतीत अपील दाखल झाले होते. बेलीफाने विचारले, "स्थगितीचा हुकूम आहे का?" तो नव्हता. संध्याकाळपर्यंत ताबा गेला. ते पीक दुसऱ्याने कापले.

हे लिहिताना मला लाज वाटते. अपील दाखल झाले त्या दिवशी "आता निश्चिंत राहा" असे त्या कुटुंबाला सांगणारी मीच होते. धर्मशास्त्राची पदविका घेताना दिवाणी प्रक्रिया संहिता कोणी शिकवत नाही, हे खरे. पण लोक आपल्या शब्दावर विसंबतात, तेव्हा माहीत नव्हते म्हणून भागत नाही. पुढे जे शिकले ते आपल्यासाठी लिहीत आहे, कारण आपल्या मंडळ्यांतील अनेक जण अशा कुटुंबांच्या पाठीशी उभे असतात.

अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये हे स्पष्ट आहे. केवळ अपील दाखल झाले म्हणून खालच्या न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. जिंकलेला पक्ष दरखास्त दाखल करून ताबा मागू शकतो. ती थांबवायची तर अपिलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि त्यावर न्यायालयाचा हुकूम व्हावा लागतो.

न्यायालय तीन गोष्टी पाहते. स्थगिती नाकारली तर अर्जदाराचे मोठे नुकसान होईल का? अर्ज विनाकारण उशीर न करता आला आहे का? आणि अपील हरल्यास हुकूमनामा पाळण्याची हमी, म्हणजे जामीन किंवा तारण, दिले आहे का? म्हणून "आम्ही गरीब आहोत" एवढे लिहून भागत नाही. जमीन कोण कसते, घर तिच्यावरच आहे का, पीक कोणते उभे आहे, दुसरे उत्पन्न आहे का, हे शपथपत्रात यावे. सातबारा आणि पीकपाहणीची नोंद जोडावी.

दिवस मोजावे लागतात

जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात. उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ यातून वगळला जातो, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. अपिलाची मुदत संपण्याआधी ज्या न्यायालयाने निकाल दिला तेही, पुरेसे कारण दाखवल्यास, अंमलबजावणी काही काळ थांबवू शकते. निकाल ऐकून रडत घरी परतण्याआधी वकिलांना एवढे विचारावे.

स्थगिती मिळाली तरी काम संपत नाही. ती खालच्या न्यायालयाला कळेल तेव्हापासून लागू होते. हुकूम पोहोचायला वेळ लागत असेल, तर स्वतःच्या माहितीवर आधारलेले शपथपत्र देऊन अपीलकर्ता ते कळवू शकतो, आणि हुकूम येईपर्यंत खालच्या न्यायालयाने त्यानुसार चालायचे असते. शिवाय स्थगिती अनेकदा पुढच्या तारखेपर्यंतचीच असते. ती तारीख चुकवू नये.

आणि ताबा गेलाच तर? अपील चालूच राहते. ते जिंकल्यास कलम १४४ खाली जमीन परत मागता येते. आमच्या त्या बाबांची सगळी आशा आता यावरच आहे. पण मधल्या वर्षांची भाकर कोणते कलम देणार?

आपण जिंकलो असू तर

स्थगितीचा दुसरा चेहराही पाहावा. १९७४ च्या कायद्याने महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. तरी जमीन परत देण्याचा हुकूम झाला की समोरचा पक्ष वर जाऊन स्थगिती आणू शकतो, आणि हुकूम कागदावरच राहतो. दिवाणी दाव्यात निकाल आपल्या बाजूचा असेल तर वरच्या न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे. ते ९० दिवस टिकते, आणि त्या काळात आपले म्हणणे ऐकल्याशिवाय हुकूम होऊ नये अशी तजवीज होते. स्थगिती द्यायचीच असेल तर शेताच्या उत्पन्नाची रक्कम न्यायालयात भरण्याची अट घालावी, अशी मागणीही करता येते.

वनजमिनीची गोष्ट

वनहक्काचे दावे दिवाणी न्यायालयात नव्हे, ग्रामसभा आणि समित्यांपुढे चालतात. पण तिथेही थांबलेल्या हुकुमाचे मोल आपण पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा हुकूम राज्यांना दिला. देशभरात असे दावे दहा लाखांहून अधिक होते. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो हुकूम स्थगित केला आणि दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली हे राज्यांना विचारले. वनहक्क कायद्याचे कलम ४(५) सांगते की पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनात राहणाऱ्याला हटवता येत नाही. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जाता येते. दोन्हींना ६० दिवस मिळतात. म्हणून फेटाळल्याचा कागद लेखी मागून घ्यावा, त्यावरची तारीख पाहावी.

आपण काय करू शकतो

अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. आपल्यातल्या कोणी नकलेचा अर्ज लिहून द्यावा, तारखेला गाडीभाडे द्यावे, सोबत जावे. हे लहान दिसते, पण कुटुंबे बहुधा इथेच मागे पडतात.

नाबोथाला वाडवडिलांचा मळा विकायचा नव्हता, आणि त्याच्याविरुद्धचा निवाडा अमलात येण्याआधी कोणी थांबवला नाही. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा मात्र न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली. आमच्या बाबांसाठी प्रार्थना करा. त्यांचे अपील अजून चालू आहे. आणि कोणी तुम्हाला "आमची केस वर गेली" असे सांगितले, तर "निश्चिंत राहा" म्हणण्याआधी त्यांना विचारा, "स्थगिती मागितली का?"